सोळा कडा

शालिकराम ठेकेदाराने अट सकाळी नऊलाच सांगितली. एकही कड दुरुस्त करावी लागली, तर माया उद्यापासून परत घिसाईला.

"आणि नाही लागली तर?" मायाने विचारलं.

"तर पट्ट्यांचं काम तुयं. ह्या घरचंच नाही, पुढचंबी."

माया आठ वर्षांपासून त्याच्या टोळीत भिंती घासत होती. पुट्टी भरणं, सँडपेपरने घासणं, प्राइमर मारणं हे बायांकडे. शेवटचा हात आणि डिझाइन कारागिरांकडे, म्हणजे पुरुषांकडे. हा नियम कुणी केला नव्हता, कुणी मोडलाही नव्हता. पट्टे मारायचा तो कवडू. त्याने भिंतीवरून टेप काढली की पट्ट्यांच्या कडांना करवतीसारखे दाते दिसायचे, आणि बारीक ब्रश घेऊन ते दाते झाकायला मायाला बसवलं जायचं. रंग टेपखाली नेमका कुठून शिरतो, हे टोळीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. या आठवड्यात कवडू मेहुणीच्या लग्नाला भिवापूरला गेला होता आणि उद्या परतणार होता. मायाने काम मागून घेतलं.

घर मानेवाड्याला, सिंधूताईंचं. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. पुस्तकांच्या खोलीत त्यांना एका भिंतीवर उभे निळे पट्टे हवे होते. भिंत अकरा फूट चार इंच. आठ इंचांचे सतरा भाग: नऊ क्रीम, आठ निळे. निळ्याच्या कडा सोळा.

मायाने दाराच्या चौकटीवर भरवसा ठेवला नाही. ओळंबा सोडून पाहिला तर चौकट वर पाऊण इंच झुकलेली निघाली. तिने भिंतीचा मध्य काढला आणि तिथून दोन्हीकडे खुणा केल्या. अकरा वाजता टेप लागली. तिने खिडकीतला कूलर बंद केला, पंखाही.

"मे महिन्यात कूलर बंद?" सिंधूताई दारातून म्हणाल्या. "माया, मी रिटायर झाली वं, मेली नाही अजून."

"चार वाजेपर्यंत, ताई. हवेनं रंग टेपवरच वाळते, मग काढताना फाटते."

"मग मी तिकडच्या खोलीत बसते. तू इथे शीज."

बारा वाजता शालिकराम आला. माया टेपच्या कडेवरून ब्रश फिरवत होती. ब्रशला क्रीम रंग होता.

"डब्बा चुकली का वं? भिंतीचाच रंग भिंतीले काहून लावून राहिली?"

"चुकली नाही, भाऊ. टेपच्या कडेले आधी भिंतीचा रंग पाजला का बारीक फटी बुजतात. जे घुसायचं ते क्रीमच घुसते. मग वरून निळा मारा, त्याले आत जायले जागाच नाही."

"हे कोणी शिकवलं?"

"कवडूभाऊच्या कडांनी."

शालिकराम हसला नाही. स्टूल ओढून बसला आणि गमछ्याने मान पुसत राहिला.

क्रीम वाळलं. मायाने निळ्याचा पहिला हात मारला, तासाभराने दुसरा. दुसरा हात तिने एका वेळी दोनच पट्ट्यांवर दिला आणि रंग ओला असतानाच टेप ओढली, भिंतीला लागून, मागे दुमडत, हळू. पहिली कड सुटली. शालिकराम उठला, चष्मा लावला आणि छतापासून खाली वाकत वाकत पाहत गेला.

"हं," तो म्हणाला.

आठ कडा झाल्या. बारा झाल्या. आता सिंधूताईही दारात उभ्या होत्या. मायाच्या कोपरावरून घाम फरशीवर पडत होता. पंधरावी कड सुताने ओढल्यासारखी निघाली.

सोळावी खिडकीजवळची. टेप कमरेच्या उंचीपर्यंत नीट आली, आणि मग तिच्याबरोबर पुट्टीचा तळहाताएवढा पापुद्रा निघून आला. आत ओलसर राखाडी सिमेंट दिसलं.

"झालं," शालिकराम म्हणाला.

सिंधूताई पुढे आल्या. "थांबा. ही चूक माझी आहे. क्रीम मारल्यावर मीच दोन दिवस कूलर लावून ठेवला, रंग लवकर वाळावा म्हणून."

"कूलरनं वाळत नाही, ताई. ओल धरते," शालिकराम म्हणाला. मग मायाकडे वळला. "पण अट तर अट आहे."

"मी काही म्हटलं का?" माया म्हणाली. "टेप लावायच्या आधी मले भिंतीले हात लावून पाहायले पाहिजे होतं. पंधरा ठिकाणी पाहिलं, इथं नाही पाहिलं."

"मग उद्यापासून घिसाई."

"करतो ना. उद्या इथूनच सुरू करतो. ही पुट्टी खरवडतो, भरतो, घासतो. वाळली का प्राइमर, मग क्रीम, मग निळा. परवा सोळावी कड देतो तुमाले."

"घिसाईवाली पट्टा नाही मारत."

"मग ही पुट्टी भरणार कोण? कवडूभाऊ? त्याले पेपर कसा धरतात तेबी माहीत नाही. आणि त्यानं पट्टा मारला तर त्याच्या कडा झाकाले मलेच बसवसान."

सिंधूताईंना हसू आवरलं नाही. शालिकराम पंधरा कडांसमोरून परत एकदा चालत गेला. पहिल्या कडेपाशी थांबून त्याने वाळलेला रंग नखाने तपासला. नख कुठे अडलं नाही. त्याने फोन काढला.

"कवडू, उद्या इकडे येऊ नको. सरळ खाप्याच्या साईटवर जा... नाही, इथं माया आहे... हो, पट्ट्यांवरच."

मायाने ते ऐकलं, पण मागे पाहिलं नाही. ती बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करत पापुद्र्याच्या भोवती सरकत होती. जिथे आवाज पोकळ आला, तिथे पेन्सिलने खूण करत होती. ओल तिला वाटली होती त्याहून वीतभर पुढे गेली होती.