सेलस्टिनचा हात

आमच्या किनाऱ्यावर होडीच्या इंजिनाचा शाफ्ट मोडला की माणूस सरळ सेलस्टिनच्या शेडकडे जातो. नवा शाफ्ट हातात आला की त्यावरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, सेलस्टिनचा हात आहे बाबा. सेलस्टिन स्टुलावर बसून लाजतो. प्रत्यक्षात त्या माणसानं लेथला, लोखंड कातायच्या यंत्राला, हात लावून तीन वर्षं झाली होती. लेथ चालवायची त्याची भाची जसिंता, आयटीआयमधून टर्नर होऊन आलेली. गिऱ्हाईक दिसलं की मामा उठून लेथपाशी उभा राहायचा आणि तिला मागच्या खोलीत पिटाळायचा. माझी रिक्षा शेडसमोरच उभी असते, म्हणून मला हे सगळं ठाऊक. पण पोरीचं घर मामाच्याच आधारावर होतं. बाप समुद्रात बुडून गेलेला, आई पुष्पम डोक्यावर मासळीची पाटी वाहून मानेनं अधू झालेली. मी तोंड उघडून त्यांची चूल विझवली असती, दुसरं काय.

आमची वस्ती संपते तिथं रॉकेट केंद्राची भिंत सुरू होते. आमच्या आजोबांच्या पिढीनं त्या भिंतीसाठी जागा सोडली. आमच्या वाट्याला आला तो सायरन. रॉकेट उडायच्या आधी तो वाजला की होड्या बाजूला घ्यायच्या आणि आकाशाकडे बघायचं. जसिंता मात्र लहानपणापासून भिंतीकडे बघायची. यंदा केंद्राला शिकाऊ टर्नर हवे होते. वर्षभर तिथल्या मोठ्या यंत्रांवर काम, विद्यावेतन, आणि पुढं कुठंही नोकरी मागताना छातीवर लावता येईल असं नाव. मामाच्या शेडमधून बाहेर पडायची तिला तेवढी एकच वाट दिसत होती.

पण त्यात एक मेख होती. शिकाऊ म्हणून कोराच माणूस लागतो. एखाद्यानं आधी वर्षभराहून जास्त काम केलं असेल, तर तो बाद. जसिंतानं हे मामाला समोर बसून समजावून सांगितलं.

"मामा, मी घरीच होते असं सांगणार आहे. तुमच्या शेडचं नाव काढायचं नाही."

"अगं, शेडमध्ये तू काम करतेस हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत नाही," मामा म्हणाला. "मीच कुणाला कळू दिलं नाही. बघ, झाला की नाही उपयोग?"

तो हसला आणि तिच्यासाठी शहरातून नवे बूट घेऊन आला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. सेलस्टिनला उदारपणाचा झटका आला की समोरच्यानं खिसा चाचपावा.

निवडीच्या आदल्या दिवशी जसिंता विहिरीवर हात घासत बसली होती. नारळाची शेंडी, लिंबू, राख, सगळं झालं. लेथचं काळं तेल नखांच्या कडेतून काही जाईना. लोखंडाच्या गरम चुऱ्यानं भाजल्याचे बारीक डाग तर जाणारच नव्हते. पुष्पम शेजारी बसून बघत होती.

"हाताला असं कसब यावं म्हणून लोक देवापुढं मेणबत्त्या लावतात," ती म्हणाली, "आणि माझी पोर ते धुऊन टाकतेय."

सकाळी मामा आणि जसिंता माझ्या रिक्षात बसली. मामा कडक इस्त्रीचं पांढरं मुंडू नेसला होता आणि पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट जड घेऊन बसला होता. मी विचारलं, तर म्हणाला, वाटेत एकाला द्यायचंय. जसिंताचं लक्ष नव्हतं. ती पुटपुटत उजळणी करत होती.

"नेल्सनदादा, तुम्ही साहेब व्हा," ती मला म्हणाली. "विचारा काहीतरी."

"साहेबाला लेथमधलं काय कळतंय? बरं, सांग, लेथवरचा पहिला नियम कोणता?"

"चकची किल्ली चकमध्ये ठेवून बटण दाबायचं नाही."

"का?"

"चक म्हणजे सळई धरणारा पंजा. तो फिरला की त्यातली किल्ली गोळीसारखी सुटते. समोर जो असेल त्याला लागते. म्हणून आवळून झालं की किल्ली काढायची, खिळ्याला अडकवायची, मगच बटण."

"पास," मी म्हणालो. मामा बाहेर नारळाची झाडं बघत बसला होता.

शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये निवड होती. उमेदवार आत, आई-बाप व्हरांड्यात, खिडक्यांना चिकटलेले. मीही चिकटलो. टर्नरच्या टेबलावर एक करड्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी जसिंताचे गुण पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"तीन वर्षं काय केलंस मग?"

"घरी होते. आईला मासळीत मदत."

"हात दाखव."

जसिंतानं हात पुढं केले. बाईंनी डागांवरून बोट फिरवलं.

"हे काय?"

"मासे तळताना तेल उडतं, मॅडम."

बाईंनी तिच्याकडे वर पाहिलं. माझी खात्री आहे, त्यांना सगळं कळलं. तरी त्यांनी मान डोलावली आणि कागद उजवीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला. उजवीकडचा गठ्ठा लहान होता. मी खिडकीबाहेर देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात मामा दारातून आत शिरला. शिपाई आडवा आला, त्याला त्यानं हात जोडले आणि सरळ टेबलापाशी जाऊन गोणपाट सोडलं. आत चकाकणारा शाफ्ट होता. आदल्याच आठवड्यात तिनं केलेला.

"मॅडम, पोरगी लाजते," तो सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला. "तिच्यावर अन्याय नको, म्हणून मी बोलतो. हे बघा. किनाऱ्यावर लोक याला माझा हात म्हणतात. खोटं आहे ते. हा हिचा हात. तीन वर्षं माझं अख्खं शेड ही एकटी चालवतेय."

तीन वर्षांत त्यानं तिला एकदा शाबासकी दिली नव्हती. साठवून ठेवली होती मेल्यानं.

जसिंता तरी काय बोलणार? शाफ्ट माझा नाही म्हणणार? बाईंनी तो उचलला, उजेडात धरला, हलकेच फिरवला. शेजारच्या टेबलावरचे साहेबही उठून आले. त्यांनी माप लावलं आणि 'अरे वा' म्हणाले. हॉलमधली पोरं माना वर करून बघू लागली.

"सुंदर काम आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "पण इतकं येणाऱ्या मुलीला आम्ही काय शिकवणार? ही जागा शिकाऊ लोकांसाठी आहे. नियम आहे, बाळ."

आणि कागद डावीकडे गेला.

परतीच्या वाटेवर मामानं रिक्षा थांबवायला लावली आणि आम्हा तिघांसाठी परोटा आणि बीफ मागवलं.

"चांगुलपणाचा जमानाच नाही," तो रस्सा भुरकत म्हणाला. "कौतुक केलं तर बाद करतात. खा गं, खा. उद्या सिल्वदासनचा शाफ्ट द्यायचाय."

जसिंता खात होती. सगळं खाल्लं तिनं, पान पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सिल्वदासन सकाळीच शेडमध्ये येऊन बसला. त्याची होडी वाळूत पडून होती आणि बाहेर मासळीचा हंगाम. जसिंता आली, नवे बूट घालून. मामानं तिला नेहमीसारखी मागच्या खोलीकडे खूण केली, म्हणजे गिऱ्हाईक गेलं की लागावं कामाला. ती गेली नाही. लेथसमोर हात मागं बांधून उभी राहिली.

"मामा, मला शिकवा."

"काय?"

"कालपासून मी शिकाऊ आहे. तिकडं घेतलं नाही, म्हणून इथं शिकते. किनाऱ्यावर तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?"

"अरे वा," सिल्वदासन म्हणाला. "शिकव की रे पोरीला. आम्हीही बघू सेलस्टिनचा हात."

"आत्ता नको, घाई आहे."

"घाई मला आहे," सिल्वदासन म्हणाला. "तू बनव, ती बघेल."

मामानं तिच्याकडे पाहिलं. ती हसतही नव्हती आणि रागावलेलीही दिसत नव्हती. वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या पोरीसारखा तिचा चेहरा होता. जसिंताच बनवते, एवढं कबूल केलं असतं तर तो सुटला असता. काल सगळ्या हॉलसमोर त्यानं ते सांगितलंच होतं. पण इथं, आपल्या किनाऱ्यावर, सिल्वदासनसमोर त्याची जीभ उचलेना.

त्यानं मुंडू वर खोचलं, लोखंडी सळई चकमध्ये घातली आणि किल्ली घालून आवळू लागला. घाम फुटला होता. सळई वाकडी बसली, पुन्हा काढली, पुन्हा बसवली. सिल्वदासन म्हणाला, "काय रे, रात्रीची उतरली नाही का?" मामा हसला, त्याच्याकडे वळून काहीतरी बोलला आणि बोलता बोलता बटणाकडे हात नेला.

जसिंताची नजर चकवर होती. मग ती दोन पावलं मागं, बाजूला सरकली. ती काय बघतेय म्हणून मीही बघितलं आणि मला रिक्षातली उजळणी आठवली. मी 'अरे' म्हणेपर्यंत बटण दाबलं गेलं होतं.

किल्ली त्याच्या तोंडावर बसली. आवाज नारळ फुटल्यासारखा आला. तो जिथं होता तिथंच बसला आणि ओंजळ तोंडाखाली धरली. ओंजळीत रक्त होतं आणि दात होते. जसिंतानं पुढं होऊन लाल बटण दाबलं. लेथ थांबला.

"तुला दिसली नाही किल्ली?" सिल्वदासन ओरडला.

"दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

"मामांच्या लेथवर मी काय बोलणार? मला कुठं अनुभव आहे?"

मामा तिच्याकडे बघत होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण जबडा एका बाजूला लोंबत होता. मी त्याला रिक्षात घातलं. त्याची मला दया आली, हे खरं सांगतो, आणि तिची भीती वाटली.

दुपारी परत आलो तेव्हा शेडमध्ये लेथचा आवाज चालू होता. मामाच्या स्टुलावर सिल्वदासन बसला होता. शाफ्ट जवळजवळ झाला होता. जसिंतानं लेथ थांबवून विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"जबडा तारेनं बांधलाय. पेजेवर राहायचं. बरेच दिवस बोलता येणार नाही."

तिनं मान हलवली. शाफ्ट उतरवून पुसला आणि सिल्वदासनच्या हातात दिला. त्यानं सवयीनं अंगठा फिरवला आणि मग तिच्या हातांकडे पाहिलं.

"कुणाचा हात म्हणून सांगू गं लोकांना?"

"सेलस्टिनमामांचा," ती म्हणाली. "माझं नाव कुणापाशी काढू नका. पुढच्या वर्षी केंद्राची जाहिरात पुन्हा येईल, टेबलावर साहेब दुसरे असतील. मी घरी असते, आईला मासळीत मदत करते."

सिल्वदासन शाफ्ट खांद्यावर टाकून किनाऱ्याकडे गेला. तिनं दुसरी सळई घेतली.

"पुढच्या वर्षापर्यंत मामा बोलायला लागतील, जसिंते," मी म्हणालो.

तिनं सळई आवळली, चकमधून किल्ली काढून खिळ्याला अडकवली आणि मगच बटणावर बोट ठेवलं.

"मग मी पुन्हा शिकायला उभी राहीन," ती म्हणाली.