कुंचीचा कागद

प्रमोदिनीच्या डोहाळजेवणासाठी सुमती ठाण्याहून कल्याणला आली, त्याला आठ दिवस होऊन गेले होते. आई नसल्यामुळे धाकट्या बहिणीचं कोडकौतुक थोरलीनेच करायचं होतं आणि ते तिने जीव लावून केलंही. जेवणं झाली, ओटी भरून झाली, पाहुण्या बायका आपापल्या घरी गेल्या आणि पाय पसरून बसलेल्या प्रमोदिनीने सहज विचारलं, "ताई, आईचा कुंचीचा कागद तुझ्याकडेच आहे ना गं?"

"असेल कुठेतरी," सुमती म्हणाली आणि विड्याचं तबक उचलून आत निघून गेली.

सुमती पोटात असताना आईने तो कागद केला होता. जाड, पिवळसर कागदावर तान्ह्या बाळाच्या कुंचीची आकृती होती आणि तिच्या काठाने राघूंची ओळ सुईने टोचून काढलेली होती. कागद कापडावर पसरून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलकेच आपटली, की भोकांतून काळे ठिपके खाली उतरत आणि त्या ठिपक्यांवरून दोरा चालवला, की राघू उभे राहत. दोघी बहिणी त्याच राघूंच्या कुंचीत वाढल्या होत्या. प्रमोदिनीच्या बाळालाही तीच कुंची हवी होती आणि त्यात वावगं असं काहीच नव्हतं.

पण कागद सुमतीकडे नव्हता. पाच वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला, तो रडलाच नाही. कळव्याच्या सगुणा सुइणीने त्याला फडक्यात गुंडाळून बाहेर नेलं, तेव्हा कुंचीवर अर्धे राघू भरून झाले होते. कुंची तिने चुलीत घातली. कागद मात्र आईच्या हातचा म्हणून जाळवेना आणि घरातही ठेववेना. शेवटी आईची मैत्रीण रंगूबाई ठाण्याला आली होती, तिच्या पिशवीत तो घालून सुमतीने सांगितलं होतं, "तुमच्याकडेच राहू दे, मावशी. मी मागितला तरी देऊ नका." ही गोष्ट तिने प्रमोदिनीला कधी सांगितली नव्हती, आणि नवऱ्याला, त्र्यंबकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पारनाक्याजवळ रंगूबाईच्या घरी गेली. म्हातारी ओसरीवर वाती वळत बसली होती. सुमतीने अडखळत कागदाचा विषय काढला, तेव्हा तिने वात खाली ठेवली.

"अगं, चार दिवसांपूर्वी तर नेलास."

"मी? मावशी, मी आजच येतेय तुमच्याकडे."

"देऊ नका म्हणाली होतीस, म्हणून मी आधी नाहीच म्हटलं. तर हसलीस. म्हणालीस, तेव्हा वेडी होते मी, आता याच्या पाठच्यासाठी हवाय." रंगूबाईचा आवाज मऊ झाला. "गोड आहे हो मुलगा. इथे माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला."

रंगूबाईची नजर अधू झाली होती आणि वयही झालं होतं. सुमतीने तेच मनाशी धरलं आणि दारात उभ्या असलेल्या शेवंतीकडे, म्हातारीच्या सुनेकडे, पाहिलं. शेवंतीने मान खाली घातली. "मीच पाणी दिलं तुम्हांला," ती हळूच म्हणाली. "इथून कळव्याला जाणार होतात. मुलाला सुइणीच्या पायांवर घालायला."

चार दिवसांपूर्वी सुमती डोकं दुखतं म्हणून बहिणीच्या माजघरात दिवसभर पडून होती. ते तिला पक्कं आठवत होतं. परतताना ते तिने मनात पुन्हा पुन्हा उगाळलं. कपाळावर सुंठीचा लेप होता, प्रमोदिनी दोनदा डोकावून गेली होती, उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकत कोनाड्यापर्यंत गेला होता. आणि तरीही पावलं भराभर पडत होती. कुणीतरी आपल्या पुढे आहे, फार पुढे नाही, असं तिला वाटत होतं. जेवताना तिने पान अर्धंच टाकलं. प्रमोदिनीने "काय झालं गं?" विचारलं, तर "कागद ठाण्याला आहे, शोधून पाठवते," एवढंच ती बोलली. तासाभरात तिने बोचकं बांधलं. घरचा जुना गडी विश्राम तिला पोचवायला निघाला.

गाडीतून उतरल्यावर तिने घरची वाट धरली नाही. "आधी कळव्याला जाऊन येऊ," ती म्हणाली आणि विश्राम निमूटपणे मागे आला. होडीतून खाडी ओलांडून दोघं पलीकडे गेली. चैत्रातलं ऊन मिठागरांवर असं पेटलं होतं, की मिठाच्या ढिगांकडे बघवत नव्हतं. सगुणाचं घर बांधाच्या टोकाला होतं. वाटेत सुमतीला एका गोष्टीचा फार आधार वाटत होता. रंगूबाईची चूक होऊ शकते, शेवंती सासूच्या हो ला हो करत असेल, पण सगुणाची चूक होणार नाही. त्या मुलाला तिने आपल्या हातांनी नेलं होतं. जगात ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नसलं तरी तिला ठाऊक होतं.

सगुणा अंगणात मासळी वाळत घालत होती. सुमतीला पाहून तिने हात पुसले आणि तिचा सुरकुतलेला चेहरा उजळला.

"परत आलीस गो बाय? आन् पोऱ्या कुठं?"

सुमतीने मागे वळून पाहिलं.

"चार दिसांमागं पायावर घातलास न्, माज्या डोल्यांना पानीच आलं. माज्या हातांवर झाला तो." सगुणाने आपले तळहात पुढे करून पाहिले, जणू त्यांवर अजून काही लागलेलं असावं. "नाक तुजं हाय. कपाल धन्याचं. लय दमला व्हता, सारखा पानी मागत व्हता."

"सगुणा," सुमती कशीबशी म्हणाली, "तू त्याला खाडीवर नेलं होतंस ना?"

सगुणा तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत लपवाछपवी नव्हती, फक्त थोडी काळजी होती, उन्हाने भोवळ आलेल्या माणसाची करतात तशी. "कोनाला गो?"

मिठागरावर कुणीतरी लाकडी फावड्याने मीठ ओढत होतं, त्याचा खरखर आवाज येत होता. सुमतीला आठवलं, की त्या बाळाचं तोंड आपण पुरतं पाहिलंही नव्हतं. नाक कसं होतं, कपाळ कसं होतं, तिला काहीच सांगता आलं नसतं. आणि ही समोर उभी राहून सांगत होती.

"हो," ती म्हणाली. "उन्हानं दमला होता तो."

हे बोलली मात्र, तिला इतकं हलकं वाटलं, की पाच वर्षांत तसं कधी वाटलं नव्हतं. आणि लगेच जीव घराकडे ओढू लागला. होडी हळू चालली आहे असं वाटून तिने नावाड्याला दोनदा टोकलं. खाडीचं पाणी उतरत होतं. मुलगा भुकेला असेल, दिवेलागणीपर्यंत पोचायला हवं, असं काहीतरी तिच्या मनात चाललं होतं आणि आपण काय विचार करतो आहोत हे तिला कळतही होतं, पण थांबवावंसं वाटत नव्हतं.

विश्रामला परतीची गाडी गाठायची होती. आळीच्या तोंडाशी त्याने बोचकं तिच्या हातात दिलं. "जपून जा, बाईसाहेब," तो म्हणाला आणि वळला.

घरात दिवा लागला होता. दाराशी धुपाचा वास येत होता आणि आतून पाळण्याच्या कड्यांचा नव्हे, कुणाला तरी थोपटण्याचा आवाज येत होता, संथ आणि एकसारखा. सुमतीने कडीला हात घालण्याआधीच दार उघडलं. त्र्यंबक उपरणं सावरत उंबऱ्याशी आला. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि परक्या बाईसमोर खाली वळवावी तशी नजर खाली वळवली.

"कागदासाठी आलात ना?" तो अदबीने म्हणाला. "घरातून सांगून ठेवलं होतं, कुणी न्यायला येतील म्हणून. थांबा हं."

तो आत जाऊन आला. कागद त्याने तिच्या हातात दिला नाही. उंबऱ्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरला. सुमतीने वाकून तो उचलला. राघूंची ओळ तशीच होती. भोकांतला कोळसा ताजा होता, तिची बोटं काळी झाली.

"कोण आहे हो?" आतून विचारलं गेलं. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे तिला कधी ठाऊक नव्हतं, तरी तिने तो ओळखला.

"कोणी नाही," त्र्यंबक म्हणाला. "कागद न्यायला आल्या होत्या."

आणि नुकत्याच झोपलेल्या मुलाच्या घरी लावतात तसं, कडी वाजू नये म्हणून ती मुठीत धरून, त्याने दार हळूच लावून घेतलं.