चौथं घर

तिसऱ्या घराचं फाटक लागलं तरी माया हात जोडूनच उभी होती. प्रियदर्शनीने तिच्या कोपराला धरून तिला स्कूटीकडे वळवलं.

"मी नीट बोलले न्हवं, ताई?"

"नीटच बोललीस."

कुपवाडच्या त्या गल्लीत दुपारचं ऊन हलत नव्हतं. मागच्या कारखान्यातून पत्रा कापल्याचा आवाज येत होता. मायाने पाठीवरची सॅक सावरली. तिच्याजवळचं सगळं त्या सॅकमध्ये होतं. अठरा पूर्ण झाल्यावर ती बालगृहातून निघाली आणि वर्षभर एका मैत्रिणीच्या खोलीवर राहिली. मैत्रिणीचं लग्न झालं. गेले चार दिवस माया मिरज स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसल्या बसल्या झोपत होती. काल पोलीसबाईंनी तिकीट मागितलं. सोमवारपासून इथल्याच एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळणार होतं, पण त्यांना राहत्या जागेचा पत्ता हवा होता.

बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी प्रियदर्शनी सांगलीत दर रविवारी वर्ग घेई. बँकेत कसं बोलायचं, एकट्यापुरता भात किती लावायचा, डॉक्टरांना काय सांगायचं. खोली कशी मागायची हेही तिनेच शिकवलेलं. स्वतः घरमालकीण होऊन खुर्चीत बसायची आणि एकेकाला दारातून आत यायला लावायची. सरळ उभं राहा, नाव सांगा, खरं सांगा.

मायाने आज तीन दारांत खरं सांगितलं होतं. पहिल्या घरची बाई ऐकता ऐकताच आत गेली. दुसरी म्हणाली, उद्या काही झालं तर आम्ही कुणाला बोलवायचं? तिसऱ्या घरी कुणी काही बोललंच नाही.

"अजून एक बघू," प्रियदर्शनी म्हणाली.

"नको ताई. मी जाते स्टेशनवर."

घरी जाते म्हणावं, तितक्या साधेपणाने ती हे बोलली. प्रियदर्शनीने तिला मागे बसायची खूण केली. तिने गाडी चालू केली.

चौथ्या घराच्या मालकीणबाई, आक्काताई, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी दोघींना खालून वर न्याहाळलं.

"कोण ऱ्हानार?"

"मी." माया सरळ उभी राहिली. "माझं नाव माया. मी..."

"माझी धाकटी बहीण," प्रियदर्शनी म्हणाली.

मायाने वळून पाहिलं नाही. सॅकच्या पट्ट्यावरची तिची बोटं मात्र थांबली.

"आसं व्हय. आन् आई-बाप?"

"वडील नाहीत. आई असते, तासगावला."

"मग एकदा यिऊन बघून जाऊ द्या की. आईच्या जिवाला बरं वाटतंय."

"येईल. गुडघे दुखतात तिचे. पण येईल."

"यिऊ द्या सावकाश." आक्काताईंनी कमरेची चावी काढून मायाच्या हातावर ठेवली.

खोली मागच्या अंगाला होती. एक खिडकी, कोपऱ्यात मोरी, भिंतीत दोन खिळे. मायाने सॅक मधोमध ठेवली, मग भिंतीकडे सरकवली, मग पुन्हा मधोमध आणली. प्रियदर्शनी उंबऱ्यातच थांबली होती.

"मी असं बोलायला नको होतं, माया. मीच तुम्हाला शिकवते आणि..."

मायाचं लक्ष नव्हतं. तिने प्रियदर्शनीला आत घेतलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, आपली आई काय करती? आक्काताईंनी विचारलं तर सांगाय पायजे."

प्रियदर्शनी फरशीवर टेकली.

"बेदाणे निवडायला जायची. आता घरीच असते."

माया समोर मांडी घालून बसली. वर्गात बसायची तशी, पाठ ताठ करून.

"रागावती?"

"लय."

"तुमाला काय म्हणून हाक मारती?"

"प्रिया. चिडली की पूर्ण नाव."

मायाने मान हलवली. ओठांतल्या ओठांत दोन्ही नावं म्हणून पाहिली.

"आन् मला?"