दोन जीबीत बसेल असं काही

"काहून अटकून राह्यलं बे तू?"

मी मागे धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. 'बे' म्हणाले म्हणून कळलं की मला नाही, कॉम्प्युटरला म्हणताहेत.

आमचे खुशालराव तहसीलमधून बाबू म्हणून रिटायर झाले. तेव्हापासून अकोल्यात आमच्या गल्लीचे सगळे अर्ज तेच टाइप करून देतात. निराधार योजना, रेशनकार्ड, नळाची तक्रार. लोक दारातूनच "जयभीम बाबूजी" म्हणतात आणि तेवढ्यावर माणूस दिवसभर ताठ असतो. टायपिंग सुटलं तर यांच्यात काय उरेल, हा विचार मी मनात पुरा होऊ देत नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या जमुनाबाईच्या अर्जात "मी विधवा असून" हे चार वेळा आलं. ती बिचारी म्हणाली, "कॉम्प्युटर लय जुना झाला बाबूजी." मी म्हणाले, हँग होतो मेला. अमरावतीहून आमची लेक ज्योत्स्ना फोनवर म्हणाली, "आई, त्याला विंडोज झेपत नाही आता. त्याच्या जागी लिनक्स टाक, सोपंवालं." तिघींनाही एकदम हायसं वाटलं. दोष सापडला होता.

मी दहावी नापास. पण मोबाइलवर व्हिडिओ पाहून ब्लाउज शिकले, तसंच हेही. लिनक्सचेही नाना प्रकार. पेनड्राइव्हवरून एकेक आधी चालवून पाहायचं, पसंत पडलं तरच बसवायचं. पोरगी पाहायला गेल्यासारखं. पहिलं फार देखणं होतं, पण आमच्या कॉम्प्युटरच्या दोन जीबी मेमरीत त्याला धाप लागली. दुसरं लुबंटू, हलकंफुलकं. मला आवडलं. यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ही कोणाची मशीन आणली?" दिवसभर पुन्हा खुर्चीवर बसले नाहीत.

मग मिंट आणलं, त्यातलं हलकं. जुन्यासारखाच डाव्या कोपऱ्यात खाली मेनू. 'अर्ज' फोल्डर होतं त्याच जागी ठेवलं. मागे वरूडच्या संत्र्याच्या बागेतला तोच फोटो लावला. यांची बोटं टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टन टाइपरायटरवर तयार झालेली, म्हणून तीच अक्षरांची मांडणी कीबोर्डवर बसवायला दोन दिवस डोकं फोडलं. एकेक अक्षर दाबून, तपासून घेतलं.

"बसा," म्हटलं. "सगळं पहिल्यासारखंच हाये."

बसले. 'प्रति' टाइप केलं. 'मा. तहसीलदार साहेब' सुद्धा. मग बोटं तशीच वर राहिली. स्क्रीन स्वच्छ, कर्सर लुकलुकतोय, काही म्हणजे काही अडकलेलं नाही.

"काय अडलं?"

"काई नाई."

"याच्याहून हलकं आणखी एक हाये म्हणते ज्योत्स्ना. उद्या तेच टाकून पाहू. याचा फॉन्टच बरोबर दिसत नाही मले..."

"किती बदलशीन?"

"सापडेपर्यंत."

यांनी माऊसवरचा माझा हात उचलून बाजूला ठेवला. हळूच.

"याले काई झालं नाई अवं. पहिलेबी काई झालं नोतं. मीच विसरून राह्यलो. परवा तुह्यं नाव आठवत नोतं मले."