तोलबाबांचा वाळा

वाचनालयाच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. काठ्या, वॉकर आणि त्यांचे मालक दाटीवाटीने बसले होते. मंचावर एक निवृत्त रंगारी पाय जुळवून, उजवा हात बाजूला पसरून उभा होता आणि त्याच्याशेजारी पांढऱ्या सुटातले तोलबाबा.

"बघा हं!" बाबांनी त्या पसरलेल्या हातावर दोन बोटं टेकवली आणि हलकेच दाबली. रंगारी भेलकांडला. हॉलभर "अगं बाई!" झालं.

"का गेला तोल? पृथ्वीप्रवाह तुटलाय! साठी उलटली की तळपायातून ऊर्जेची गळती सुरू होते. आता हा सिद्ध तांब्याचा वाळा." बाबांनी वाळा रंगाऱ्याच्या घोट्यात अडकवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा हात दाबला. या खेपेला अख्ख्या पंजाने, पार घाम फुटेपर्यंत. रंगारी जागचा हलला नाही.

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. रंगाऱ्याचे डोळे भरून आले आणि ते साहजिकच होतं. उभा जन्म शिडीवर गेला, पण गडी कधी पडला नव्हता. आणि गेल्या महिन्यात घरातल्या सपाट फरशीवर, एका पायावर उभं राहून पँट चढवताना आडवा झाला. कंबरेचं काळंनिळं गेलं, पण मनातली भीती जाईना. मुलाने शिडी बंद केली. नातीच्या खोलीच्या छताला आकाश रंगवून देण्याचा शब्द तसाच लोंबकळत राहिला.

"उद्या सकाळी मी शिडीवर चढणार!" त्याने माइकमध्ये जाहीर करून टाकलं.

शेवटच्या रांगेत त्याच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, ते ऐकलं आणि त्या खुर्चीच्या कडेला सरकून बसल्या. आक्का शाळेत कवायतीच्या बाई होत्या. निवृत्तीनंतर याच हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा व्यायाम घ्यायच्या. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या, एका पावलापुढे दुसरं लावून चालायचं. वाळा गावात आला आणि आक्कांच्या खुर्च्या ओस पडल्या. अंगावर घालून मिरवता येत नाही अशा गोष्टीला गिऱ्हाईक कमीच असतं.

चहाच्या सुट्टीत त्यांनी भावाला जिन्याखाली गाठलं.

"लहानपणी वाळे घालून रांगायचास. आता परत?"

"आक्के, तू कुजकट बोलू नकोस. सगळ्यांनी पाहिलंय."

"पाहिलं ना. मग मलाही पटू दे. मी सांगते तेवढं कर. पटलं तर मी दोन्ही पायांत घालते."

"दोन्ही?" रंगारी खूश झाला. "बोल."

"वाळा पायातच ठेव, पँट वर ओढू नकोस, आणि मी काय बोलते त्यावर गप्प बस."

रंगाऱ्याची पँट नेहमीसारखी ढगळ, जमिनीवर लोळणारी. त्याला काहीच काळजी वाटली नाही. वाळा खरा होता, मग आक्का काय बोलते याने त्याला काय फरक पडणार?

सुट्टी संपली. आक्का भावाला घेऊन मंचावर आल्या. "बाबा, मागच्यांना नीट दिसलं नाही. याचा वाळा काढून ठेवलाय. पुन्हा दाखवता?"

"का नाही, माते!" बाबांनी दोन बोटं टेकवली. रंगारी असा कलंडला की आक्कांनी धरला म्हणून वाचला. पायात वाळा असून! त्याने बहिणीकडे पाहिलं. बहीण छताकडे पाहत होती.

"आता घालते हं," म्हणत आक्का पदराआड हात धरून वाकल्या, त्याच्या घोट्याशी खुडबुड केली आणि हात पदराआडच ठेवून उठल्या. बाबांनी पंजा रोवून जोर लावला. रंगारी ढिम्म.

टाळ्या सुरू झाल्या आणि आक्कांनी पदराआडून हात बाहेर काढला. वाळा त्यांच्या हातात होता. भावाच्या पँटचा पाय वर केला, घोटा रिकामा.

"आणि मघाशी पडलो तेव्हा पायात होता," रंगारी स्वतःच म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

बाबा डगमगले नाहीत. "वाळ्याचा प्रभाव काढल्यावरही रेंगाळतो!"

"मग पायात असताना कुठे गेला होता?" पुढच्या रांगेतून पोस्टातल्या निवृत्त बाई कडाडल्या. त्यांचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. "मी वाळा घालूनच पडले. तुम्ही म्हणालात, वाळा होता म्हणून मनगटावर निभावलं!"

"श्रद्धा कमी पडली असेल, ताई."

"प्लास्टर मात्र पुरेपूर पडलं!"

हॉल हसला. रंगारी मात्र हसत नव्हता. तो आपल्या हाताकडे बघत होता. "थांबा," तो म्हणाला. "पाडताना बोटं हाताला बाहेरच्या बाजूला दाबत होती. नंतरचा सगळा जोर माझ्या अंगाकडे होता. अहो, हा तर शिडीचा पहिला धडा! पट्ट्याचं बक्कल शिडीच्या दोन दांड्यांच्या आत ठेवायचं. बाहेर झुकलात की गेलात. पोरांना हेच शिकवत आलो आणि स्वतः मात्र… या बाबा, पसरा हात."

बाबा नको नको म्हणेपर्यंत रंगाऱ्याने दोन बोटं टेकवली होती. दोन्ही पायांत वाळे असलेले तोलबाबा सुटासकट मंचावरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले.

गोंधळ ओसरल्यावर आक्का बोलल्या, मंचाच्या कडेला बसून. "पडण्याची भीती खरी आहे. मलाही वाटते. म्हणून तर असल्या माणसाचं फावतं. म्हातारपणी पायांतला जोर कमी होतो, पण सराव केला की तो वाढतो. आठवडे लागतात, महिने लागतात, आणि सोडलं की पुन्हा जातो. आधी डॉक्टरांना विचारा. डोळे तपासा, गोळ्या दाखवा, घसरत्या चपला टाका. आणि कोणीही चमत्कार दाखवला की एवढंच म्हणा, वस्तू अंगावर आहे की नाही हे तुला माहीत नसताना करून दाखव."

घरी जाताना रंगारी म्हणाला, "उद्या मी चढलो असतो, आक्के. डोळे मिटून विश्वासाने चढलो असतो."

"माहीत आहे," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. "म्हणून तर चहा सोडून तुला जिन्याखाली गाठलं."

सकाळी शिडीवर मुलगा चढला. रंगारी खाली खुर्चीची पाठ धरून टाचा उचलत होता आणि हुकूम सोडत होता. "ढग आणखी पातळ कर! आणि बक्कल आत!" आता तो पँट पलंगावर बसून घालतो आणि विचारणाऱ्याला बिनदिक्कत तसं सांगतो. नातीचं आकाश पूर्ण झालं. त्यात निळा रंग थोडा जास्त झालाय असं त्याचं ठाम मत आहे, पण ते बघायला तो धडधाकट आहे.