मागच्या दारानं

टेबल टेनिसच्या चेंडूला केसाएवढी चीर गेली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, पण टेबलावर आपटला की बसका, मेल्यासारखा आवाज यायचा. लिझेट तो बोटांत फिरवत राहिली, दिव्यासमोर धरत, नखानं चाचपत… कारण तेवढा वेळ शेजारी उभ्या असलेल्या हेडीकडे बघावं लागत नव्हतं.

"टाक तो," हेडी म्हणाली. "मेलेल्याची नाडी काय बघतेस? दुसरा घे."

लिझेटनं दुसरा घेतला. हेडी एकाहत्तर वर्षांची, गुडघ्याला पट्टा, आणि क्लबचं निळं जाकीट खेळतानाही न काढणारी. जाकिटाच्या छातीवर पांढरी सहा टोकांची चांदणी, ज्यूंची खूण. गेल्या गुरुवारी त्याच चांदणीला ट्रॅममध्ये एका माणसानं हात घातला होता — आणि आज, आल्या आल्या, हेडीनं बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं होतं, "त्या दिवशी तू कशी गेलीस गं घरी?"

"चालत," लिझेट म्हणाली होती. इतकं सहज, की तिचं तिलाच नवल वाटलं.

व्हिएन्नात येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. दिवसभर दातांच्या प्रयोगशाळेत चिनी मातीचे दात घडवायचे, न पाहिलेल्या माणसांच्या तोंडाचे रंग जुळवायचे. तिथे सगळे तिला लाले म्हणत. तिनंच तसं सांगितलं होतं. तुर्कस्तानात, इझमीरला, रस्त्यावर, बोटीवर, बाजारात आई तिला लाले अशी तुर्की नावानंच हाक मारायची, लिझेट फक्त घराच्या दाराआत. आजी एकदा बोटीवर तिथले ज्यू घरात बोलतात त्या जुन्या स्पॅनिशमध्ये मोठ्यानं बोलायला लागली, तेव्हा आईनं हसत हसत तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि तो हात पलीकडचा काठ येईपर्यंत उचलला नव्हता. भीती अशी कुणी शिकवली नाही तिला. शिकवलं ते एवढंच, की आवाज करू नये, कागदावर नाव येऊ देऊ नये, आणि याला शहाणपण म्हणतात.

मग आठ महिन्यांपूर्वी, एका रविवारी दिवसभर कुणाशीच बोलणं झालं नाही म्हणून, ती या ज्यू क्लबात आली. दारावरच्या पहारेकऱ्यानं पिशवी तपासली. आत अर्ज होता. नावाच्या रकान्यात तिनं लिझेट लिहिलं आणि उगाचच दोनदा वाचलं. तेवढ्यात एक म्हातारी बॅट काखेत मारून समोर आली.

"माझी जोडीदारीण वसंतात वारली. डावखुरी होती. तू?"

"मी उजवी. पण मला फार येत नाही, तुम्ही—"

"अहो-जाहो करू नकोस. 'अहो हेडीबाई, घ्या' म्हणेपर्यंत चेंडू जमिनीवर. नाव काय?"

"लिझेट."

"लिझेट, शनिवार सोडून कुठलाही दिवस सांग."

गुरुवार ठरला. कुणीतरी तिच्या मापाचं निळं जाकीट आणून दिलं. त्या रात्री घरी तिनं ते आरशासमोर घातलं, आणि बाहेर मात्र कधीच नाही. दर गुरुवारी खेळ संपला की ती कपडे बदलायच्या खोलीत रेंगाळायची, जाकिटाची घडी चांदणी आत ठेवून करायची, वर टॉवेल दाबायची, साधा स्वेटर चढवायची. हेडीला वाटायचं, पोरगी नटायला वेळ लावते.

गेल्या गुरुवारीही तशीच रेंगाळली. हेडी ट्रॅममध्ये पुढच्या दारानं चढली, लिझेट धावत येऊन मागच्या. मध्ये माणसं होती. दोन स्टॉप गेले आणि पुढून हसणं ऐकू आलं. "आजी, ही चांदणी कुठून आणलीस? दे की मला." मग कापड ओढल्याचा आवाज… मग हेडीचा आवाज, बाईंनी वर्गात बोलावं तसा, "हात काढ." पुन्हा हसणं. "हात काढ म्हटलं ना." ट्रॅममध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. लिझेटच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत टॉवेल, टॉवेलखाली तेच निळं — आणि तिच्या गुडघ्यावर कुणाचाही हात नव्हता, तरी ती उठली नाही. म्हणजे उठली. दार उघडलं तशी उठली आणि खाली उतरली. तिचा स्टॉप अजून तीन स्टॉप पुढे होता. तिथून मात्र ती चालत गेली. तेवढं खरं.

आजचा खेळ मध्ये थांबला, थर्मास उघडले. पलीकडच्या टेबलावरच्या बायका जमल्या आणि हेडी सांगू लागली. "म्हटलं, ओढायचीय तर शिवूनही दे बाबा, मला आता सुई दिसत नाही." सगळ्या हसल्या. लिझेटही हसली.

"तक्रार केलीस ना?" कुणीतरी विचारलं.

"केली. ते म्हणतात साक्षीदार आणा. बावीस माणसं होती डब्यात, तो उतरल्यावर मी मोजली. विचारलं एकेकाला. एकाला ऐकूच आलं नव्हतं, एकीला घाई होती." हेडीनं चहाचा घोट घेतला. "एकवीस असतील. कंडक्टरलासुद्धा धरला बहुतेक… नाही, कंडक्टर कुठे असतो आता."

बावीस. ती तेविसावी. मोजणीच्या आधीच उतरलेली.

उरलेला खेळ तिनं वाईट खेळला. सांगायचं, असं ठरवलं की दिसायचं ते पोलीस ठाण्यातलं टेबल, इथे राहायच्या परवान्याचे कागद, बाबांचा फोनवरचा श्वास. 'तुझं नाव कुठे लिहिलं का?' एवढंच विचारतील ते. आणि नाही सांगायचं म्हटलं की हेडी बाजूला सरून तिला जागा करून द्यायची, फटका चुकला तरी "असू दे" म्हणायची. ते असू दे तिला सहन होईना.

आज ती रेंगाळली नाही. दोघी एकत्र निघाल्या, एकाच दारानं चढल्या, एकाच बाकावर बसल्या. जाकीट मात्र पिशवीतच होतं.

"हेडी," ती म्हणाली, "मी त्या ट्रॅममध्ये होते."

हेडीनं मान वळवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"कुठे बसली होतीस?"

"मागे. पुढच्या स्टॉपला उतरले." मग घाईघाईनं, "मी येते साक्ष द्यायला. उद्याच येते. माझं नाव लिहू देत."

"नावाचं नंतर," हेडी म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, नुसती गरज होती. "ते विचारतील, तो दिसायला कसा होता. मला चष्म्याशिवाय धड दिसला नाही. दाढी होती का? उंच होता?"

लिझेटनं तोंड उघडलं. जे सांगायचं ते तिच्याजवळ असेलच असं ती आठवडाभर धरून चालली होती. फक्त सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे म्हणून झोप उडवली होती. आता तिनं आठवून पाहिलं. ओल्या रबराची जमीन आठवली, स्वतःचे बूट आठवले, शेजारच्या माणसाच्या पिशवीतला पाव… वर काही नव्हतं. एकदाही नजर वर गेली नव्हती.

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली.

"बरं," हेडी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

ट्रॅम वळली. लिझेटच्या लक्षात आलं, त्या माणसानं चांदणी ओढली त्या क्षणी हेडीचा चेहरा कसा झाला असेल, तेसुद्धा तिला माहीत नव्हतं. घाबरली होती का ही? ओठ थरथरले होते का? तिनं शेजारी पाहिलं. सुरकुतलेला गाल, कानामागे अडकवलेली पांढरी बट, जबड्याजवळ एक शीर हलकेच उडत होती. ती बघत राहिली, हेडीनं वळून पाहिलं तरी तिनं नजर खाली घेतली नाही — आणि आपण आता बघतोय ते कशासाठी, तिच्यासाठी की स्वतःसाठी, हे काही तिला ठरवता येईना.