बारावर थांबणारा काटा

“अहो, तुम्हाला घड्याळ दिसतं, वेळ दिसत नाही.”

हा आवाज फार जुना. घड्याळजींची बायको शाळेच्या पायरीवरून लेकीला घेऊन घरी आली होती आणि लेक अजून मुसमुसत होती. तिला आणायचं काम बापाचं. बाप एका हट्टी गजराच्या घड्याळात डोकं खुपसून बसलेला. बायकोला राग येण्याआधी गाणं सुचायचं. लेकीचं नाक पुसता पुसता तिने दोन ओळी जुळवल्या:

घड्याळजीच्या घरी गं, वेळ पाहुणी आली, बाई,
बस म्हणेस्तोवर तिला, उठून गेली, बाई!

लेक खुदकन हसली आणि प्रकरण तिथेच मिटलं. ओळी मात्र घरात राहिल्या. दूध उतू गेलं, पाहुण्यांची गाडी चुकली, की मायलेकी एका सुरात त्या म्हणायच्या आणि शेवटची अर्धी ओळ बापासाठी सोडायच्या.

आता म्हणणारी उरली नव्हती. बायको वारली होती. लेक लग्न होऊन दूरच्या गावी गेली होती. आणि तिच्याकडे निघालेले घड्याळजी विमानतळाच्या काचेला नाक लावून उभे होते. त्यांचं विमान मागे मागे सरकलं, मान वळवल्यासारखं वळलं आणि निघून गेलं. घड्याळजींना वाईट वाटायला हवं होतं. पण मनात पहिला आला तो प्रश्न: तो काटा बारावर अडखळतो कशाने?

कारण सगळा घोटाळा त्या काट्याने केला होता.

खरं तर ते वेळेच्या कितीतरी आधी पोचले होते. खुर्ची धरली, पाणी प्याले, वर पाहिलं, तर भिंतीवर पांढऱ्या तबकडीचं मोठं घड्याळ. सेकंदाचा काटा छान गोल फिरत यायचा आणि बाराच्या आकड्यावर येऊन ठप्प व्हायचा. उंबरठ्यावर ठेच लागल्यासारखा क्षणभर थांबायचा आणि मग चालू लागायचा. दर फेरीला तिथेच. चाकाचा दात गेलाय, घड्याळजींनी निदान केलं. मग सहज पुढे जाऊन दुसरं घड्याळ पाहिलं. त्यालाही तेच दुखणं. तिसऱ्याला तेच. एका घरात सगळ्यांना एकदम गोवर यावा तसा प्रकार. सगळ्यांचा तोच दात कसा पडेल? एकेक घड्याळ बघत ते लांबच लांब दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेले. कुणीतरी वरून कुणाचं तरी नाव पुकारत होतं. पण घड्याळाकडे कान लावला की बाकीच्या जगाचं दार आपोआप लोटलं जायचं, ही त्यांची उभ्या जन्माची खोड. पुकारलं जाणारं नाव आपलंच आहे हे ध्यानात आलं, तेव्हा दार खरोखरच लागलं होतं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, उशीर कशामुळे झाला? घड्याळजींनी खरं ते सांगितलं: घड्याळ बघत होतो. तिने मान वर केली. लोकांचं विमान घड्याळ न बघितल्याने चुकतं, असं म्हणाली. मग त्यांचा धंदा विचारला, आणि ऐकल्यावर तिला हसू आवरेना. शेजारच्या काउंटरवरच्यालाही तिने ते सांगितलं. घड्याळजी स्वतःही हसले. हसण्यासारखंच होतं.

मुलगी हसरी होती तशी कामाची होती. तिने संध्याकाळच्या विमानात जागा शोधून दिली आणि पुढे काय करायचं ते समजावलं. त्यांची बॅग विमानातून उतरवून घेतली होती, ती ताब्यात घ्यायची. “माणूस चढला नाही तर सामान एकटं जात नाही, काका,” ती म्हणाली. “आणि न्यायला कोण येणार आहे, त्यांना आधी फोन करा. लोक हेच विसरतात. जेवतात, झोपतात, आणि तिकडे माणूस दाराकडे डोळे लावून बसलेलं असतं.”

घड्याळजींनी हो हो म्हटलं. पण फोन केला नाही. आधी बॅग आणली.

बॅगेत कपडे थोडे आणि हत्यारं फार: चिमटे, बारीक पेचकस, डोळ्याला लावायचं भिंग, तेलाची कुपी. सगळी मऊ फडक्यात गुंडाळलेली. ती नेण्यात काही अर्थ नव्हता, आणि हे फक्त घड्याळजींना ठाऊक होतं. त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. आधी चहाच्या कपात कळलं, मग कामात. केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्यातून उडाली, ती शोधता शोधता दिवस मावळला. गिऱ्हाइकाची घड्याळं त्यांनी एकेक करून परत केली, शटर ओढलं आणि कुलूप लावलं. लेक फोनवर विचारायची, दुकान कसं चाललंय? ते म्हणायचे, मान वर करायला फुरसत नाही. ती म्हणायची, मग इकडे कायमचं कधी येणार? ते म्हणायचे, अगं, एवढं काम टाकून कसा येऊ? आताही आठच दिवसांसाठी येतो म्हणाले होते. हात चालेनासा झालेला बाप घेऊन लेकीने काय करायचं? धडधाकट पाहुणा म्हणून जावं, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत परतावं, एवढाच बेत. हत्यारं सोबत दिसली म्हणजे कुणी शंका घेणार नाही.

बॅग ओढत ते पुन्हा पहिल्या घड्याळाखाली आले. तिथे शिडी लावून एक माणूस वरचा दिवा बदलत होता. घड्याळजींनी त्याला विचारलं, की बाबा रे, ही सगळी घड्याळं बिघडली आहेत हे तुमच्या लोकांना माहीत आहे का? दात गेलेत त्यांचे.

शिडीवाला खाली उतरला. मिशीतल्या मिशीत हसला.

“बिघडलेली नाहीत, काका. मुद्दाम थांबतात. दातबित कुणाचा गेलेला नाही. एका खोलीत मोठं घड्याळ आहे, ते दर मिनिटाला इशारा देतं. ही सगळी जरा घाईने धावतात, बारावर येऊन उभी राहतात, आणि इशारा आला की सगळी मिळून पुढे.”

म्हणजे आपलं निदान साफ चुकलं होतं. घड्याळजींना आनंदच झाला. इतक्या वर्षांनी एक घड्याळ त्यांना नवीन काहीतरी सांगत होतं. त्यांनी भराभर प्रश्न विचारले. इशारा तारेतून येतो का? काट्याला वर पोचल्याचं कळतं कसं? शिडीवाल्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्याने सांगितलं, उरलेलं माहीत नाही म्हणाला.

“आणि इशारा आलाच नाही तर?”

“थोडा वेळ वाट बघतात. मग एकेकटी निघतात,” शिडीवाला शिडी मिटत म्हणाला. “चालतात हो, बंद नाही पडत. पण हळूहळू एकाचं एकाशी जुळत नाही.”

तो गेला. घड्याळजी खाली बसून राहिले. काटा फिरत आला, बारावर थांबला. मघाशी त्यांना ती ठेच वाटली होती. आता ते कुणीतरी दारात उभं राहून कान देतंय असं दिसू लागलं. शाळेच्या पायरीवर उभं राहिल्यासारखं.

त्यांनी फोन लावला. डाव्या हाताने लावला.

लेक आधीच विमानतळावर येऊन बसली होती. विमान चुकलं हे कळल्यावर ती घाबरली, मग बाप धड आहे हे कळल्यावर रागावली. जावई सकाळपासून खोली आवरतोय म्हणाली. मग तिचा आवाज उतरला.

“दुकानातच अडकलात ना, बाबा? कुणाचं तरी घड्याळ आलं असेल ऐनवेळी. म्हणा ना हो. मला सवय आहे.”

फार सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं. वर काटा बाराकडे निघाला होता.

“विमानतळावरच होतो गं. घड्याळ बघत बसलो.”

 पलीकडून नाकातून आलेलं हसू, आणि त्या हसण्यातून तिच्याही नकळत आईच्या चालीतली ओळ, अर्धीच: “बस म्हणेस्तोवर तिला…”

पुढची अर्धी तिने त्यांच्यासाठी ठेवली होती. लहानपणापासून तसंच चालत आलेलं. काटा बारावर येऊन थांबला. घड्याळजींनी ती ओळ पुरी केली नाही.

“चिमणे, ऐक,” ते म्हणाले. “माझा हात थरथरतो. दुकान मी केव्हाच बंद केलंय. मला आठ दिवसांसाठी नाही यायचं.”